ग्रीकांच्या घोळक्यात हेक्टर

देवळाली कॅम्प
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

ती. नाना,

वेदिकाचा नमस्कार. मी बरी आहे. शाळेत नववीच्या सराव परीक्षा चालू आहेत, तपासायच्या पेपरांचा ढीग पडलाय. तुमचा गुडघा कसा आहे? लासलगावला लिलावात तासन्‌तास उभे राहू नका, अमोलदादाला पाठवा.

माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र.

डिसेंबरात शाळेची सहल म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. मी चांदवडला सुयशच्या घरी गेले होते. पहाटे हेक्टर नावाचा लघुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. सुयश दुर्बिणीपाशी, मी वेळ टिपायला. तारा नऊ सेकंद दिसेनासा झाला आणि आम्ही दोघं ओरडलोच. त्याची आई, मंगलाबाई, थंडीत चहा घेऊन उभ्या होत्या. "घावला का गं तुमचा दगड?" म्हणाल्या.

हा हेक्टर गुरूच्याच वाटेवर, गुरूच्या पुढे चालतो. त्या वाटेवरच्या लघुग्रहांपैकी पुढच्या घोळक्याला ग्रीक वीरांची नावं द्यायची, मागच्याला ट्रॉयच्या, असा नियम आहे. हेक्टर ट्रॉयचा, पण नियम ठरायच्या आधीच त्याचं नाव पडलं, म्हणून तो ग्रीकांत. शंभराहून जास्त वर्षं झाली, त्याला कुणी तिथून हलवलं नाही. वर्गात हे सांगताना मला फार मजा येते.

सुयशशी लग्नाचा विषय काढला, तर "वृश्चिकेला गुरू आठवा, मुलीला गुरुबळ नाही, जूनपर्यंत थांब," म्हणालात. थांबलेही असते. पण गेल्या वर्षी गुरू सातवा होता, लग्नाला उत्तम. तेव्हा तुम्ही "कांदा निघू दे" म्हणालात! पंचांग मलाही कळतं नाना, तुम्हीच शिकवलंत. तुम्हाला सुयशची जात नको आहे. एकदा तसं तोंडाने म्हणा तरी. बिचाऱ्या गुरूला कशाला मध्ये घालता?

महिन्यापूर्वी आम्ही नोटीस दिली. सोमवारी अकरा वाजता नाशिकला रजिस्टर लग्न आहे. तीन साक्षीदार लागतात. मंगलाबाई आणि माझी मैत्रीण हर्षाली येणार. तिसरी सही तुमची. आधार कार्ड आणा. सव्वाअकरापर्यंत वाट बघेन. मग शाळेतल्या भागुबाई सही करतील. त्यांना तसं सांगून ठेवलंय. त्या वेळी मला रडू येईल, पण लग्न थांबणार नाही.

वार, वेळ, ठिकाण सगळं कळवून घरातून निघालेली,
तुमचीच
वेदिका