डेटलेफची मिरवणूक

आल्टोना, ९ मार्च १८८१
डेटलेफचं वाचन आजपासून बंद. कारखान्यात सात जण चिरूट वळतात, आठवा मोठ्याने वाचतो, त्याच्या वाटचे चिरूट बाकीचे वळून देतात. बावीस वर्षं तो आठवा होता. मार्क्स त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकला. आज वाक्य अर्धं राहिलं आणि खोकल्यातून रक्त पडलं.

११ मार्च
समाजवादी पक्षाचा व्यूबे आला. दारातच, हळू आवाजात : "वहिनी, रविवार साधला तर बरं. सुट्टी असते. दहा हजार माणूस येईल."

पक्षावर बंदी आल्यापासून सभा बंद, वर्तमानपत्र बंद, गाण्याचं मंडळसुद्धा बंद, लाल रंगही बंद. सरकारने एकत्र चालायची मोकळीक ठेवलीय ती फक्त मयतामागे. त्यामुळे आमच्यात कुणी अंथरूण धरलं की आधी डॉक्टर येतो, मग व्यूबे.

डेटलेफने आतून ऐकलं. "हारावरची लाल फीत चांगली रुंद घ्या रे! कापता कापता पोलिसाचा हात दुखला पाहिजे." स्वारी खुशीत. मला मात्र राग आला.

१४ मार्च
पोलीस येऊन गेला. टोपी काढून तब्येत विचारली. "मुलगा येईलच ना, बापाला खांदा द्यायला?"

पोराला, आमच्या क्लासला, नोव्हेंबरात हद्दपार केलं. तो ब्रेमेनला असतो. इथे पाऊल टाकलं की तुरुंग. आणि बाप गेल्याचं कळलं तर तो येणार. बापावरच गेलाय. मिरवणूक निघाली की ब्रेमेनला कळायला कितीसा वेळ!

१५ मार्च
डेटलेफला म्हटलं, गुपचूप पुरलं तर? पोरगं वाचेल.
"मिरवणूक पक्षाची आहे, मेटा. ती काढायची की नाही हे मी कोण ठरवणार?"
"आणि क्लास?"
त्याने भिंतीकडे तोंड केलं. तीस वर्षांच्या संसारात इतकी चीड मला कधी आली नव्हती. मग त्याला खोकला आला, मी पाठ चोळली.

१७ मार्च
दुपारी गेला. व्यूबे जिन्यात भेटला. म्हटलं, झोपलाय, आज नको.

१९ मार्च
सकाळी सहाला पुरलं. खड्डा खणणारे दोघे, पाद्री आणि मी. पाद्री पाहून डेटलेफ उठून चालता झाला असता. येताना क्लासला पत्र टाकलं : बाबांना उतार आहे, येऊ नकोस.