भोपळ्याच्या फुलाचा वास

आई,

तुझ्या कार्ट्याचा लांबूनच वाकून नमस्कार, म्हणजे तुला धपाटा घालता येणार नाही.

मी ठणठणीत आहे. काचघरात काम तेच, भोपळ्याच्या नर फुलातले पराग ब्रशने मादी फुलाला लावायचे. इथे सगळे मला भुंगाच म्हणतात.

मागच्या आठवड्यात मालकाने मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. माश्यांनी काम केलं की आम्ही घरी! मी मुकादमाच्या कानाशी 'गुंऽऽ' केलं, तर तो दचकून थेट बादलीत बसला. सगळे हसलो, पण हातातला ब्रश कुणी खाली ठेवला नाही.

माश्या फुलांवर बसल्याच नाहीत गं. काचेवर डोकं आपटून मेल्या. आता रोज सकाळी मी त्या झाडून काढतो. बियाणं निवडणाऱ्या बाई म्हणाल्या, "अरे, इथे वर्षानुवर्षं ब्रशच फिरतोय. त्याला ना वास लागतो, ना मध. आम्ही बियांसाठी फळ राखताना ते मोठं आहे का, तेवढंच बघितलं. माशीला बोलवायचं फुलं विसरूनच गेली."

मी फुलात नाक खुपसलं. कागद हुंगल्यासारखं वाटलं.

म्हणजे माझी नोकरी वाचली, काळजी करू नकोस. जेवण जरा कमी जातं, एवढंच.

ताईचा खोकला थांबला का? आणि मोरीमागच्या वेलीच्या फुलांना अजून वास येतो का, हुंगून कळव. येत असेल तर एक भोपळा बियांसाठी राख. फुलांना कुणाला हात लावू देऊ नकोस. भुंगा आला तर येऊ दे, खरा.

तुझा,
इथला खोटा भुंगा