आजारी : कोणी नाही

कांदळवाडी, शिरोड्यानजीक
ता. ४ फेब्रुवारी १९६२

चि. शंकर यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आडाळ्यावर नारळ खवल्याचा तो खर्र-खर्र आवाज अजून कानात आहे. तेव्हा तुझी काकी नवी नवरी होती. मी ओसरीवर शाळेतल्या कविता म्हणत बसलो की ती आतून त्याच चालीवर खवायची. मी यतीला थांबलो की तीही थांबायची. काल तिला जाऊन महिना झाला.

दोन वर्षांमागे तुमच्या कचेरीचा कारकून लोकांचे बरेवाईट मोजायला आला, तेव्हा त्याला घरोघर मीच फिरवले. पाहुण्याला गूळपाणी द्यावे, उंबऱ्यावर दुखणे सांगू नये, ही आपली रीत. सगळी घरे म्हणाली, सगळा बरा आसा. मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो, 'आजारी : कोणी नाही'. आमचा रकाना भरताना आतला आडाळा थांबला. ती तोंडात पदर कोंबून खोकला दाबत होती. मला कळले होते रे.

दवाखाना आपल्याला मिळाला नाही, तो त्या अक्षरामुळेच ना? खोटी समजूत घालू नकोस.

तुझा काका,
भिकाजी

मुंबई, ता. १२ फेब्रुवारी १९६२

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. होय. वाडीच्या तक्त्यावर वरिष्ठांचा शेरा आहे, 'आरोग्य उत्तम', आणि दवाखाना दुसऱ्या तालुक्यात गेला. तक्ता मीच तपासला होता. तुमचे अक्षर ओळखून हसलोही, की मास्तरांच्या वाडीत आजारसुद्धा रजा घेऊनच येत असेल! काकी कशी आहे, एवढे विचारायचे मात्र सुचले नाही.

मार्चअखेर फेरपाहणी मागता येते. पण निम्म्या घरांनी तरी आपल्या तोंडाने खरे सांगायला हवे.

रागवा, पण माया आटवू नका.

आपला,
शंकर

कांदळवाडी, ता. २५ फेब्रुवारी १९६२

चि. शंकर यास आशीर्वाद.

आठ दिवस वही घेऊन फिरलो. राधाबाईचा नातू तापाने फणफणलेला, तरी ती म्हणाली बरो आसा, च्याय घेवा. बाबलीने टोमणा मारला, मास्तरांची बायल गेली, आता त्यांका आमची दुखणी दिसाक लागली. महादू तांडेलाने तर अंगणातूनच हाकलले.

वहीत एकच ओळ आहे, तुझ्या काकीची : 'नर्मदा. क्षय. दोन वर्षे.' जन्मभर मुलांचे शुद्धलेखन तपासले. ही ओळ मात्र दोनदा खोडून लिहिली. पुढची पाने कोरी. तुझी फेरपाहणी राहू दे.

या म्हाताऱ्याची आठवण ठेव.

भिकाजी

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच दारात महादू. खांद्यावर त्याची लेक, मान टाकलेली. सवयीने विचारून गेलो, बरो आसंय मां रे? तर म्हणतो, नाय मास्तरानू, बरा नाय. लिवन घेवा.