गेज आत गेला नाही

आबा,

तुम्ही गेल्यापासून तुमचा तो भोकं मोजायचा गेज माझ्या संगणकाशेजारी असतो. हल्ली त्याच्याकडे बघवत नाही.

उद्यमनगरातला तो दिवस आठवतो. वक्तृत्वाची ढाल जिंकून मी कॉलेजातून थेट तुमच्या कारखान्यात आलो होतो. तुम्ही सुटे भाग तपासत बसला होता. "वकीलसाहेब, होऊ द्या की भाषण!" लेथवरच्या काकांनी हाक दिली आणि मी सुरू झालो. बोलता बोलता तुमचा खडू उचलून समोरच्या भागावर 'ओके'ची खूण केली. तुम्ही गेज लावता. तो भोकात जात नाही, म्हणजे भाग बाद. मी म्हणतो, केसभराचा फरक आहे, चालून जाईल. वर तीन कारणंही देतो. सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. "भाषण झकास झालं. आता ह्या लोखंडाला सांग, ऐकतंय काय बघू." आणि बाहीनं खूण पुसता.

आज माझं कामही तपासणीचंच. संगणकाच्या अगदी तळाशी कर्नेल नावाचा मूळ प्रोग्रॅम चालतो. त्यात इतरांनी सुचवलेले बदल वाचून मी मान्य करतो. तिथली सामायिक माहितीची प्रत्येक रचना, आपल्याला किती जण वापरतायत, याचा आकडा बाळगते. आकडा शून्य झाला की तिची जागा मोकळी होते. एका बदलात हा आकडा एक ओळ आधीच कमी होत होता. गडमुडशिंगीची माझी सहकारी म्हणाली, "सर, जागा सोडल्यावर पण एकाकडं तिचा पत्ता ऱ्हातोय की. एकदा चाचणी घेऊन बघूया." चाचणी घेतली नाही. तिची गरज नाही हे पटवत मी वीस मिनिटं बोललो. शेवटी ती म्हणाली, "बरं सर, तुम्ही म्हणताय तर." बदल माझ्या नावानं मान्य झाला.

आता कुठलंतरी यंत्र मधेच गोठतं. नोंदी उलगडल्या की दरवेळी तेच: कुणीतरी जुन्या पत्त्यावर जाऊन, निघून गेलेल्याला हाक मारतंय, आणि आतून भलताच ओ देतोय. काल बैठकीत सगळे कारण शोधत होते. ती फक्त बैठकीची टिपणं लिहून घेत होती. तो बदल मान्य झाल्यापासून तिनं एकही शंका काढलेली नाही, आबा. आवाज उठवा, असं मी आजही भाषणांत व्यासपीठावरून ओरडून सांगतो. समोरचा एक आवाज मीच बसवला.

हे पत्र कुठं धाडणार? तिला मात्र सकाळी लिहायला बसलो. चार परिच्छेद झाले, सगळी कारणंच. खोडत खोडत तीन शब्द उरले: तुझं बरोबर होतं. तेही अजून पाठवलेले नाहीत.