विलास पाण्याखाली आहे

शिंदखेडा, मंगळवार, संध्याकाळ

आज आबांना अग्नी मी दिला. माझ्या भावाला, विलासला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, अजून काहीच माहीत नाही.

काल पहाटे आबा गेले. तेव्हापासून विलासच्या नौदलाच्या तळावर तीनदा फोन केला. तिथले साहेब हळूच म्हणाले, "ताई, पाणबुडी पाण्याखाली आहे. निरोप पोचवलाय, पण त्याला कधी सांगायचं ते कॅप्टन ठरवतील. कदाचित बंदरात आल्यावरच." बंदरात कधी येणार? तेही सांगता येत नाही म्हणे.

आबा गावभर सांगायचे, "मना पोर्‍या रशियानी पानबुडीम्हा शे." आपल्या नौदलाची ती पाणबुडी रशियात बांधलेली, तिथल्या झडपांवर रशियन अक्षरं आहेत, ती विलासला वाचता येतात, याचं त्यांना केवढं कौतुक!

आज सकाळी काका म्हणाले, "बेटी, आते किती वाट दखशूत?" आणि मडकं माझ्या खांद्यावर दिलं. मी फिरले. विलासची जागा मी घेतली का? दुसरं काय करणार होते?

त्याला आत्ता कळावं असं मला खरंच वाटतं का? कळलं तरी वर येता येणार नाही. एवढ्याशा जागेत, इतक्या माणसांत, रडणार तरी कुठे? पण न कळता तो आज तिथे हसत जेवत असेल, तेही सहन होत नाही.

दुपारी आईने गुपचूप त्याचा नंबर लावला. बंद. फोन खाली ठेवत म्हणाली, "बरं शे, बंद शे. उचलता ते काय सांगतू मी?"