टेबलाखालची उत्तर दिशा

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच, उरलेला मनातून). डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि पट्टी निघाल्याबरोबर तू डॉक्टरांना त्यांच्याच खोलीतलं कोळ्याचं जाळं दाखवलंस, हे भाचीकडून कळलं. म्हणजे तब्येत उत्तम आहे. तरी अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. फोन का केला नाही असं विचारशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे सगळं मला एका दमात सांगायचंय.

घर विकायला काढलंय ते तुला माहीतच आहे. चौतीस वर्षं मी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहिलो कुठे, तर बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. (यावर तुझी भावजय येणाऱ्याजाणाऱ्याला विनोद सांगायची. गेल्या वर्षापासून सांगत नाही.) तिचे गुडघे संपावर गेलेत. बहात्तर पायऱ्या उतरायला पाऊण तास, चढायला किती ते विचारू नकोस. दुसऱ्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याने तिच्यासाठी दाराबाहेर खुर्चीच ठेवलीय. पुढे पुढे तिने उतरणं सोडूनच दिलं. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येते. वाचनालयातलं पुस्तक मी आणतो आणि ते दर वेळी तिने वाचलेलं निघतं. ती कुरकुर करत नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. हिच्यासारखी बोलकी बाई गप्प झाली की घरातलं घड्याळ मोठ्याने वाजायला लागतं.

आठ महिने एजंट माणसं आणत होता. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती माणसं घर बघण्याच्या अवस्थेतच नसत. एक गृहस्थ सोफ्यावर पंधरा मिनिटं बसले, दोन तांबे पाणी प्यायले, आभार मानले आणि एकही खोली न बघता गेले. (छत्री विसरले. ती न्यायलाही परत चढले नाहीत.) शेवटी एजंट म्हणाला की दोष जिन्याचा नाही, घरातल्या ऊर्जेचा आहे, आणि त्याच्या ओळखीच्या एक फेंगशुईवाल्या बाई आहेत, त्यांनी हात लावलेलं घर महिन्यात जातं. मी यंत्रावरचा माणूस. ऊर्जा म्हटलं की मी मीटर कुठे आहे ते बघतो. पण आठ महिन्यांनंतर माणूस मीटर मागत नाही.

बाई आल्या, त्याही धापा टाकतच. स्वभावाने अगदी गोड. (मी त्यांना मनात दिशाबाई म्हणायला लागलो आणि एकदा ते तोंडातून निघूनही गेलं, तर खूश झाल्या.) त्यांनी समजावलं की ची नावाची एक ऊर्जा असते, ती दारातून आत येते आणि घरभर फिरते. आमच्याकडे मात्र ती आत आल्याबरोबर चपलांच्या स्टँडला अडखळते, समोरच्या आरशात स्वतःला बघते आणि आल्या पावली परत जाते. मला पाहुण्यांमधली दोन-तीन माणसं आठवली आणि पटलं. मग घराच्या मध्यावर, म्हणजे जेवणाच्या टेबलावर, त्यांनी होकायंत्र ठेवलं आणि उत्तर दिशा न्हाणीघराकडे असल्याचं जाहीर केलं. मी हळूच म्हटलं की गेली सव्वीस वर्षं सूर्य स्वयंपाकघराच्या खिडकीत उगवतोय, तेव्हा हे जरा जुळत नाही. त्या म्हणाल्या, सूर्य ऋतूप्रमाणे सरकतो, सुई सरकत नाही. होकायंत्र त्यांचं होतं.

त्यांनी दिलेली यादी लांबलचक होती. पलंग फिरवा, कपाट बाहेरच्या खोलीत न्या, आरसा उतरवा, टीव्ही कोपऱ्यात आणि त्या जागी खिडकीपाशी आरामखुर्ची. दाराजवळ तीन पायांचा बेडूक ठेवा. (घरात चार गुडघ्यांपैकी दोनच धड, त्यात हा आणखी एक अधू. पण ठेवला.) आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे अडगळ काढा. हे ऐकताना तुझ्या भावजयीचा चेहरा बघायला हवा होतास. हीच गोष्ट ती वीस वर्षं सांगतेय, फुकट.

कपाटाचं सांगतो. बेकरीवाला आणि मी ते झोपायच्या खोलीतून बाहेर काढत होतो. तो बाहेरून ओढत होता, मी आतून ढकलत होतो. कपाट दारात तिरकं झालं आणि असं अडकलं की ना पुढे ना मागे. तेवढ्यात त्याची भट्टीची वेळ झाली. आलोच म्हणाला आणि गेला. मी आत कोंडला गेलो, कपाटाच्या वर वीतभर फट. चौतीस वर्षांत किती माणसं मी अडकलेल्या लिफ्टमधून काढली असतील, पण आपण आत असलो की काय वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी कपाटावर धपाधप मारायला लागलो. तर पलीकडून हिचा आवाज आला, शांत, अगदी माझ्या कामावरच्या सुरात.

"घाबरू नका. दार ठोकू नका. बसून घ्या, माणूस निघालाय."

हे वाक्य मी रोज फोनवर लोकांना सांगायचो आणि ती स्वयंपाक करता करता ऐकायची. मी खाली बसून घेतलं. मग तिकडून हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेलं, मग खळखळून, खुर्चीचा पाय वाजेपर्यंत. ताई, वर्षभराने ऐकलं मी ते. दीड तास तसाच कोंडलेला होतो, आणि बेकरीवाला थोडा आणखी उशिरा आला असता तरी चाललं असतं.

मग अडगळ निघाली. माळ्यावरच्या पुल्या, तारा, बटणांच्या पट्ट्या, सगळं भंगारात दिलं. टेबलाखाली एक लाकडी खोका होता, जड म्हणून कधी हलवला नव्हता. तोही बेकरीवाल्याने खाली नेला. दुसऱ्या दिवशी दिशाबाई काम तपासायला आल्या, त्यांनी टेबलावर होकायंत्र ठेवलं, आणि सुई सरळ गॅलरीकडे वळून थांबली. त्यांनी ते हलवलं, झटकलं, पुन्हा ठेवलं. तेव्हा मला तो खोका आठवला. लिफ्ट नेमकी मजल्याच्या पातळीला थांबावी म्हणून चुंबक लावतात. त्या खोक्यात तेच होते, पन्नासेक तरी. आमची उत्तर टेबलाखाली बसली होती, आणि अख्खं घर आम्ही तिच्या हिशोबाने फिरवलं होतं.

मी कबूल केलं. दिशाबाई म्हणाल्या की सगळं पुन्हा लावू, चूक त्यांचीही आहे, सूर्याचं ऐकायला हवं होतं. पण तुझी भावजय त्या आरामखुर्चीत बसली होती. त्या जागेवरून खालचा अख्खा रस्ता दिसतो, इतकी वर्षं तिथे टीव्ही होता. तीन दिवसांत तिला समोरच्या शिंप्याच्या दुकानातली भांडणं तोंडपाठ झाली होती. ती म्हणाली, "दिशा चुकली असेल, खुर्ची बरोबर आहे. हिला कोणी हात लावायचा नाही." दिशाबाईंनी होकायंत्र मिटून पर्समध्ये ठेवलं आणि चहा घेतला.

पुढच्या आठवड्यात एक नर्स घर बघायला आली, बरोबर तिची आई. मुलगी रात्रपाळीची, दिवसा झोपणारी. चार मजले चढून आली आणि श्वासही वाढलेला नाही. आई दुसऱ्याच मजल्यावर, बेकरीवाल्याच्या खुर्चीत थांबली. (तिला या घरात राहायचं नव्हतं, फक्त मत द्यायचं होतं.) मुलीने बेडूक पाहिला नाही, की पलंगाची दिशा पाहिली नाही. एवढंच विचारलं, "वर कोण राहतं?"

मी म्हटलं, "वर फक्त पाण्याची टाकी."

ती खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली, ऐकत राहिली, आणि बघता बघता तिचा डोळा लागला. एजंट खाकरणार होता, त्याला हिने नजरेनेच दटावलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून चोरासारखे उभे. वीस मिनिटांनी तिने डोळे उघडले, ओशाळली, आणि म्हणाली की आजवर बघितलेल्या कुठल्याही घरात तिला झोप आली नव्हती.

करार झाला. एजंट सगळीकडे सांगतोय की फेंगशुई म्हणजे फेंगशुई. दोन महिन्यांत ताबा द्यायचाय. ही रोज खुर्चीत बसून सामानाच्या याद्या करते आणि बोलते, बोलते, बोलते. घड्याळ ऐकू येत नाही.

डोळ्यात औषध वेळेवर घाल. भाचीला आशीर्वाद, तुला पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्या खालच्या दोन खोल्यांमधले भाडेकरू गेले असं कानावर आलं. तुझ्याकडे दाराला एकच पायरी आहे. मी आजवर कोणाकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे हे कसं लिहायचं ते नीट येत नाही. आम्ही तिथे राहायला आलो तर तुला चालेल का? भाडं बाहेरच्यासारखंच देऊ, आणि तुझ्या घरातलं जे जे करकरतं ते मी बंद करीन.

ता. क. २. जमणार नसेल तर हे पत्र फक्त फेंगशुईबद्दल आहे असं समज.

वन्सं, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून या चार ओळी. आपलं महिन्यापूर्वीच फोनवर ठरलंय, हे ह्यांना मी सांगितलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा हे कोणाकडे काहीतरी मागतायत आणि त्यापायी तीन दिवस कागद फाडतायत. म्हटलं, एकदाचं मागून होऊ दे. तुम्ही आत्ताच कळल्यासारखं उत्तर धाडा, थोडे आढेवेढे घ्या, फार नको, ह्यांची झोप उडते. स्वयंपाकघराला पिवळाच रंग द्यायला सांगा. आणि उत्तरात रंगाऱ्याचा उल्लेख तेवढा टाळा.