आंधळी कोशिंबीर

नाशिक रोड, सप्टेंबर १९७८, गुरुवार

संध्याकाळी काकडी चोचवत होते. अंगणात डोळ्यांवर रुमाल बांधून खेळून आलेल्या सुमीने विचारलं, "आई, ह्या खेळाला आंधळी कोशिंबीर का म्हणतात? कोशिंबीर तर खातात ना?"

हे असते तर लगेच थाप मारली असती. कुण्या राणीने डोळे मिटून काकडी चिरली, म्हणून! प्रेसमधून कितीही दमून आले तरी पोरीला कधी 'माहीत नाही' म्हणाले नाहीत. मीच चिडायचे, खोटं कशाला शिकवता?

आज मी "माहीत नाही गं," म्हटलं. एक थाप मारायला माझं काय जात होतं?

काकडी तशीच राहिली. बाबांच्या दहाव्यालाही न रडलेली पोर तेवढ्यावर हमसाहमशी रडली.